एकेचाळीस रांजणांचा वक्र

५ फेब्रुवारी २०२३, रविवार

कोरियाच्या चांद्र पंचांगात आज घोड्याचा दिवस आणि पहिल्या महिन्याची पौर्णिमा. जाऊबाईंच्या हिशेबाने उकडून, कुटून वाळवलेल्या सोयाच्या विटा मिठाच्या पाण्यात सोडायला याहून चांगला दिवस नाही. माझ्या मते कोरड्या हवेचा कुठलाही दिवस चालला असता. पण रांजण त्यांचे आहेत, माझे नाहीत.

एकेचाळीस रांजण भरले. मीठ मी वजन करून घातलं. तरी जाऊबाईंनी पाण्यात अंडं सोडलं आणि ते किती वर येतं ते वाकून बघितलं. अंड्याचं आणि माझ्या तराजूचं एकमत झालं. मग अंड्यावर वेळ का घालवला, असं मी विचारलं.

"अंड्याला बरं वाटतं," त्या म्हणाल्या.

मी इथे का आले ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी मला भावनाप्रधान म्हणायला नको. मोठे दीर जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून जाऊबाई या डोंगरातल्या घरात एकट्या हा धंदा चालवतात. वय शहात्तर. नव्या वर्षाच्या सणाला त्यांचा फोन आला. "गुमोक, यंदाचं साधलं तर पुढचं बघू. बिघडलं तर रांजण विकून टाकते आणि ग्वानहोकडे इंचनला जाते. त्याने खोली रिकामी करून ठेवली आहे." ग्वानहो त्यांचा मुलगा. घर अकराव्या मजल्यावर, खिडक्या बंद, वासाची कोणतीही वस्तू घरात आणायला सूनबाईंची मनाई.

विटा साधारण दोन महिने भिजतात. मग एके दिवशी त्या बाहेर काढायच्या. उरलेलं पाणी म्हणजे वर्षभराचा सोया सॉस आणि कुस्करलेल्या विटा म्हणजे वर्षभराचं सोयाचं वाटण. लवकर काढल्या तर सॉस पाणचट, उशिरा काढल्या तर वाटण कडू. सगळं त्या एका दिवसावर. पन्नास वर्षं जाऊबाई चमचाभर चाखून तो दिवस सांगत आल्या. आता म्हणतात, "तुझं गणित काय म्हणतं ते बघू." उशिरा का होईना, शहाणपण आलं.

संध्याकाळचं सूप खारट होतं. मी सांगितलं. "किती खारट?" त्यांनी विचारलं. दोन वाट्या पाणी घाला, म्हटलं. त्यांनी मुकाट्याने घातलं. स्पष्ट बोलण्याचा राग न येणारी सासरची ही एकच व्यक्ती.

८ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या दिरांच्या वह्या कपाटात मिळाल्या. वीस वर्षं, वीस वह्या. ते सहकारी संस्थेच्या प्रयोगशाळेत होते. घरी आल्यावरही त्यांची सवय सुटली नाही. रोज सकाळी दारापासच्या पहिल्या रांजणात मीटर बुडवून आंबटपणाचा आकडा लिहायचे. शेवटच्या ओळीत: "आज विटा काढल्या." तारखा सगळ्या चांद्र, कारण या धंद्यात इंग्रजी तारखेला कोणी विचारत नाही. अक्षर टापटीप. नवऱ्यापेक्षा दिराचं अक्षर चांगलं होतं हे मी त्यांच्या हयातीत कधी बोलले नाही.

गणित सोपं आहे. दरवर्षीचे आकडे म्हणजे सुटे ठिपके नव्हेत, तो एक अखंड वक्र आहे. आंबटपणा आधी झपाट्याने चढतो, मग चढण मंदावते. वीस वर्षांचे वीस वक्र काढायचे, चढण कुठे संपते ते बघायचं आणि जाऊबाईंच्या जिभेने कोणता दिवस दिला होता त्याच्याशी ताडून पाहायचं. चौतीस वर्षं मी जॉन्जूच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. हे मला जमलं नाही तर कोणाला जमणार?

१४ फेब्रुवारी, मंगळवार

यॉनसुकला फोन केला. माझी विद्यार्थिनी. आता देजॉनला संख्याशास्त्राची प्राध्यापक आहे आणि बावन्न वर्षांची आहे, पण फोन उचलल्यावर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. उभी राहिली असणार.

तिने एक मोफतचं सॉफ्टवेअर घ्यायला सांगितलं. अशा अखंड वक्रांसाठीच ते केलेलं आहे. आधी त्यात आधार तयार करावा लागतो, असं ती म्हणाली.

"कसला आधार?"

"आधार फलांचा, बाई. ठरावीक आकारांचे काही वक्र आधी मांडून ठेवायचे. मग कुठला किती घ्यायचा ते सॉफ्टवेअर ठरवतं आणि त्यांच्या मिश्रणातून तुमचा वक्र तयार होतो."

"म्हणजे बहुपदी. एक, t, t चा वर्ग, t चा घन."

"तेही चालतं," ती चाचरत म्हणाली. "पण बाई, आता बहुपदी फारशी कोणी वापरत नाही. लहान लहान तुकडे जोडून वक्र काढतात. तो टोकाला नीट वागतो."

"तुकडे जोडायचे असते तर मी शिंप्याकडे गेले असते. बहुपदी तुला कोणी शिकवली?"

"तुम्ही, बाई."

"मग?"

बहुपदीच घ्यायची असं ठरलं.

२० फेब्रुवारी, सोमवार

सॉफ्टवेअरचं आणि माझं जमत नाही. जेवणाआधी वाट्या मांडाव्यात तशी मी सात फलं मांडली: एकापासून t च्या सहाव्या घातापर्यंत. त्याने सगळे आकडे परत पाठवले. म्हणे मर्यादेबाहेर आहेत. चार तासांनी कळलं की दिवस कुठून कुठपर्यंत आहेत ते सांगितलं नाही तर जगातली प्रत्येक गोष्ट शून्य आणि एक यांच्या मध्ये घडते असं ते धरून चालतं. मर्यादा दिली: शून्य ते सत्तर दिवस.

मग दुसरी तक्रार. सत्तरचा सहावा घात म्हणजे अकरा हजार सातशे कोटींच्या वरची संख्या, आणि शेजारी बसलेला एक. एवढ्या मोठ्या माणसाशेजारी एवढं लहान माणूस बसलं की लहानाचं ऐकूच येत नाही, सॉफ्टवेअरची अडचण तीच होती. मी दिवस मधून मोजायला घेतले: पस्तिसावा दिवस शून्य, अलीकडचे उणे, पलीकडचे अधिक. लगेच सरळ झालं. यॉनसुकला कळवलं. तिने टाळ्या वाजवणारं चित्र पाठवलं. असली चित्रं पाठवू नकोस, असं उत्तर दिलं.

बुनी जेवायला होती. गावात प्रेतवस्त्रं शिवते, वय ऐंशी, डोळे अजून चांगले. सोयाबीनच्या अंकुरांची भाजी मला मिठाचा खडा चाखल्यासारखी लागली. बुनी म्हणाली, "वा, तुझ्या हाताला तोड नाही." मी म्हटलं, "बुनीताई, खोटं बोलू नका, ही गिळवत नाही." जाऊबाईंनी भाजी परत नेली, धुतली आणि पुन्हा आणून माझ्यापुढे ठेवली. बुनीपुढे नाही, माझ्यापुढे.

"आता?"

"आता तीळ कमी पडलेत."

त्यांनी तीळ घातले. परीक्षा घ्यावी तशा माझ्या तोंडाकडे बघत होत्या. इथे पाहुण्यासारखं वागायचं नाही हे मी ठरवूनच आले आहे.

३ मार्च, शुक्रवार

वीस वर्षांचे आकडे भरून झाले. चांद्र तारखेचे दिवस करायला माझं सूत्र: महिना गुणिले तीस, अधिक तारीख, वजा विटा घातल्याचा दिवस. एखादा महिना एकोणतीसचा असतो, पण तेवढी चूक मी मुलींनाही माफ करत असे.

एकोणीस वर्षं शहाण्यासारखी वागतात. चढण जिथे संपते त्याच्या दोन-तीन दिवस इकडेतिकडे जाऊबाईंची जीभ. इतका मेळ मला अपेक्षित नव्हता. सरासरी दिवस त्रेसष्टावा.

२००४ मात्र शहाणं नाही. त्या वर्षी दुसऱ्या महिन्यातल्या तारखांना दोन-दोन आकडे आहेत, एक कमी आणि एक बराच जास्त. आणि वहीप्रमाणे विटा तेहेतिसाव्या दिवशीच काढल्या.

जेवताना विचारलं. "२००४ साली एवढी घाई का केली?"

"२००४?" जाऊबाईंनी चमचा खाली ठेवला. "त्या वर्षीसारखं वाटण पुन्हा झालं नाही. वरच्या मठातल्या आजीबाईंनी दोन रांजण नेले होते."

"तेहेतीस दिवसांत?"

"काहीतरीच काय. पुरे साठ होऊन गेले होते."

"वहीत तेहेतीस आहे. शिवाय भाऊजींनी एकेका दिवशी दोनदा मोजलंय आणि दुसऱ्यांदा चष्मा घातला नसावा."

त्या उठल्या आणि भांडी घासायला गेल्या. घासण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

५ मार्च, रविवार

जाऊबाई दोन दिवस बोलत नाहीत. गेलेल्या माणसाच्या चष्म्याविषयी बोलले हे चुकलं असेल, पण आकडे चुकले आहेत हेही खरं. मी २००४ मधले जास्तीचे आकडे काढून टाकले. वक्र सुतासारखा सरळ आला.

११ मार्च, शनिवार

उत्तर मिळालं. आम्ही पहिल्या महिन्याच्या पंधराव्या तारखेला विटा घातल्या. त्यात त्रेसष्ट मिळवले की तिसऱ्या महिन्याची अठरावी येते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात चांद्र तारीख असते. तिसऱ्याची अठरावी ७ मेखाली सापडली. लाल पेनाने गोल केला.

जाऊबाई गोलाकडे बराच वेळ बघत राहिल्या. "मे म्हणजे जरा उशीर वाटतो."

"वाटणं हे मोजमाप नव्हे."

"तेही खरं." मग हळूच म्हणाल्या, "तू एकदा चाखून बघतेस?"

"मला कशाला? चाखणं तुमचं काम. मी गणितासाठी आले आहे."

"हो," त्या म्हणाल्या. "गणितासाठीच."

बोलायला लागल्या हे चांगलं झालं.

२२ मार्च, बुधवार

ग्वानहोचा फोन. आई कशी आहे, चेहरा ओढल्यासारखा दिसतो का, सॉस यंदा जमेल ना. मी म्हटलं, तारीख माझ्याकडे आहे, ७ मे, तेव्हा खोलीत काही ठेवायचं असेल तर ठेवून घे. तो हसला, पण पुरता नाही. "काकू, आई फोनवर हल्ली चवीबद्दल बोलतच नाही. पूर्वी तासभर तेच बोलायची." मी म्हटलं, माणसाला वयानुसार इतर विषयही सुचतात.

बुनी कापडाचे तागे घेऊन आली आणि अंगणात पसरून बसली. यंदा दुसरा महिना दोनदा आलाय, आजपासून अधिक महिना, या महिन्यात शिवलेलं प्रेतवस्त्र आयुष्य वाढवतं, असं सांगत होती. मी ऐकून घेतलं नाही. त्या वेळी सहाव्या घातावरून सॉफ्टवेअरशी माझा वाद चालला होता.

२८ मार्च, मंगळवार

यंदाचे आकडे जाऊबाई मोजतात आणि वहीत लिहितात. आठवड्याने मी ते कॉम्प्युटरमध्ये भरते. आज भरले आणि डोकं फिरलं. दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या तारखांना दोन-दोन आकडे. हुबेहूब २००४.

"जाऊबाई, तुम्ही कुठला रांजण मोजता?"

"दारापासचा पहिला."

"दर वेळी तोच?"

"पन्नास वर्षं तो तिथेच आहे. चालत कुठे जाणार?"

म्हणजे मीटर बिघडलं. जिल्ह्याच्या गावाहून नवं मागवलं.

१ एप्रिल, शनिवार

नवं मीटरही तेच सांगतं. दोन मीटर एकाच वेळी खोटं बोलत नाहीत. मग दोष वक्राचा असणार. बिचारी सहा घातांची बहुपदी, तिला एवढं वळण झेपत नाही. नवव्या घातापर्यंत नेली, मग अकराव्यापर्यंत. अकरावीने सगळ्या ठिपक्यांच्या जवळून जाण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, पण शेवटी जे काही केलं त्याला शब्द नाही. एप्रिलच्या मध्यावर तिने अशी बुडी मारली की तिच्या मते महिनाअखेर आमच्या रांजणात शून्याहून कमी आंबटपणा असेल. निसर्गात असा पदार्थ नाही.

यॉनसुकला चित्र पाठवलं. तिचा लगेच फोन.

"बाई, टोकाला असंच होतं. घात वाढवले की बहुपदी शेवटी उधळते. मी म्हटलं होतं ना, तुकडे जोडून..."

"म्हटलं होतंस. पुढे?"

"पुढे काही नाही, बाई."

"वेळ नसेल तर ठेव."

"वेळ आहे, बाई. फक्त एक विचारते. आडव्या अक्षावर नक्की काय आहे?"

"दिवस. हे पहिल्या बाकावरच्या मुलीलाही कळेल."

फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. ती दुसऱ्या बाकावर बसायची.

४ एप्रिल, मंगळवार

जाऊबाई दिवसातून चार वेळा अंगणात जातात. झाकणं काढतात, पाण्यावर हात फिरवतात, विटा बोटाने दाबतात आणि झाकण ठेवून परत येतात. चाखत एकदाही नाहीत. मी म्हटलं, एवढी शंका आहे तर एक चमचा तोंडात घाला आणि मोकळ्या व्हा.

"तूच घाल ना," त्या म्हणाल्या.

"मला काय कळतं त्यातलं?"

"कडू कळतं की नाही?"

"कडू कोणालाही कळतं."

त्यांनी ओली बोटं पुसली. मग म्हणाल्या, "विटा मऊ पडायला लागल्यात, गुमोक. मेपर्यंत टिकणार नाहीत. ग्वानहोला सांगू का, की खोली तयार ठेव?"

मी म्हटलं, गणित पुरं होईपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही. आवाज जरा चढला असेल. माझ्या स्वतःच्या गणिताची भीती मला शाळेतल्या पहिल्या दिवसानंतर आजच वाटली.

७ एप्रिल, शुक्रवार

आजचा दिवस जसा घडला तसा लिहिते.

सकाळी बुनी मापं घ्यायला आली. जाऊबाईंनी मला न विचारता दोन प्रेतवस्त्रं सांगितली आहेत, एक त्यांचं आणि एक माझं. मी आक्षेप घेतला. एक तर मी चर्चला जाणारी बाई, आज गुड फ्रायडे, आणि मरायला मला सवड नाही. बुनी म्हणाली, "सवड काढून कोणी मरत नाही. हात वर कर." जाऊबाई इतक्या आशेने बघत होत्या की मी हात वर केले. तिने तागाचं कापड माझ्या अंगावर टाकलं आणि टाचण्या लावायला सुरुवात केली. लांब बाह्या, पायघोळ, पिवळसर. मी सॉफ्टवेअरचा विचार करत होते.

"कोपऱ्यात नाव आणि तारीख लिहिते," बुनी म्हणाली. "आज किती?"

"दुसऱ्याची सतरावी," जाऊबाई म्हणाल्या.

"पहिल्या दुसऱ्याची की मागच्या दुसऱ्याची?"

"मागच्या. अधिक महिना ना हा."

"हो बाई, अधिक लिहायला हवं. नाहीतर वर गेल्यावर कोणाला वाटायचं महिनाभर आधीच शिवलं."

मी बराच वेळ हात वर धरून उभी राहिले. दुसरा महिना. दोनदा. पहिल्या दुसऱ्याची सतरावी आणि मागच्या दुसऱ्याची सतरावी, मध्ये तीस दिवस, आणि माझ्या सूत्रात दोन्हींचा दिवस एकच. दीर दोनदा मोजत नव्हते. त्यांचा चष्मा जागेवर होता.

मी धावले. बुनी ओरडली, "अगं टाचण्या, टाचण्या." दोन टाचण्या बरगडीत घुसल्या. खोलीत जाऊन उभ्याउभ्या आकडे बदलायला घेतले: यंदाच्या अधिक महिन्यात तीस मिळवायचे आणि २००४ च्याही. काढून टाकलेले आकडे परत घातले. खात्री करून घ्यायला यॉनसुकला फोन लावला. घाईत व्हिडिओ कॉल लागला. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"बाई... तुम्ही बऱ्या आहात ना?"

"उत्तम आहे. आडव्या अक्षावर काय आहे असं तू विचारलं होतंस."

"हो, बाई. पण तुम्ही काय घातलंय?"

"प्रेतवस्त्र. मला फक्त एवढं सांग, तिसऱ्या घातापर्यंत पुरेल का?"

मग ती प्राध्यापक झाली. "दाखवा मला. हो. पुरेल. तिसरा भरपूर झाला."

तिसऱ्या घाताने सगळे ठिपके एका झुळझुळीत वक्रात घेतले. २००४ सुद्धा, त्रेसष्टावा दिवस. मग बोटांवर मोजलं, पहिलीतल्या मुलीसारखं: ५ फेब्रुवारीपासून त्रेसष्ट दिवस म्हणजे ९ एप्रिल. परवा. ७ मे नव्हे. एवढं बोटांवर मोजायला मला दोन महिने लागले.

"बाई," यॉनसुक म्हणाली, "पण तीन दिवस अलीकडे, तीन पलीकडे. त्यापुढे बहुपदीला काही विचारू नका. ते ठिकाणावरच्या माणसाला कळायला हवं."

"दुसऱ्या बाकावरून चांगलं ऐकू येत होतं वाटतं," मी म्हटलं. ती हसली. ती हसलेली मी पहिल्यांदा बघितली.

जाऊबाई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "भाऊजींची मी माफी मागते. चष्मा घातलेला होता."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आता आधी ते काढ, रक्त लागेल त्याला."

८ एप्रिल, शनिवार

सकाळी रांजणांपाशी गेलो. आज, उद्या, परवा, यातला कुठला दिवस हे आता जिभेनेच सांगायला हवं. मी चमचा जाऊबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो माझ्या हातात परत दिला.

"मला काही लागत नाही, गुमोक."

"काय लागत नाही?"

"चव. गेल्या वर्षी मार्चमध्ये साथीचा ताप आला ना, तेव्हापासून. वासही नाही. गूळ आणि माती सारखीच."

मी मोजलं. तेरा महिने. गेल्या वर्षीच्या विटा त्यांनी नुसत्या अंदाजाने काढल्या आणि नशिबाने जमल्या. म्हणून यंदा बोलावणं.

मला राग आला. तो लपवायचा मी प्रयत्न केला नाही. "हे मला फेब्रुवारीत सांगायचं. मी मूर्खासारखी मीटर बदलत बसले."

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी ग्वानहोला फोन केला असतास."

केला असता. मला ते लगेच कळलं.

"आणि गणितासाठी नव्हतं बोलावलं तुला," जाऊबाई झाकण पुसत म्हणाल्या. "गणित आलं तर आलं. गावात सगळ्यांना मी काही वाढलं तरी गोडच लागतं. बुनीला तर मी विहिरीचं पाणी दिलं तरी वा म्हणेल. मला एक असं माणूस हवं होतं की ते तोंडावर सांगेल. दोन महिने तुझ्या तोंडाने जेवण करतेय मी. मागच्या आठवड्यात जेवताना तू एकदाही खोड काढली नाहीस, तेव्हा कळलं की हात परत बसला."

ह्यावर काय लिहावं ते कळत नाही. माझ्याबद्दल सासरी असं कोणी बोललं नव्हतं. ही स्तुती होती का, याबद्दल अजूनही खात्री नाही.

मग मी चाखलं. पहिला रांजण.

"खारट," मी म्हटलं.

"ते असणारच. खारटाच्या मागे काय?"

"मागे काही नाही."

"थांब. गिळू नकोस. जिभेच्या कडांना?"

"कडांना गोडसर. फार थोडं. पिकलेल्या नाशपातीसारखं."

"घशाशी कडू?"

"नाही."

"मग आज नाही. झाकण ठेव."

एकेचाळीस रांजण. पंधराव्यापर्यंत मी गोडसर, गोड आणि गोडाच्या जवळचं असे तीन प्रकार सांगत होते. त्या दर वेळी विचारायच्या, कुठे, किती, कधीपर्यंत टिकलं. विसाव्यानंतर माझी जीभ मेली. भात खाल्ला, पुन्हा सुरू. जिभेच्या भागांची एवढी नावं मला शरीरशास्त्राच्या वर्गात कोणी सांगितली नव्हती.

९ एप्रिल, रविवार

ईस्टर. चर्चला गेले नाही. पाद्रींना कळवलं की अपरिहार्य कारण आहे. गोडसर वाढलं आहे. तेहेतिसाव्या रांजणात घशाशी किंचित काहीतरी. "कडू?" त्यांनी विचारलं. मी तीनदा चाखलं. कडू नाही, कडूची चाहूल म्हणता येईल. जाऊबाईंनी डोळे मिटले, जणू माझं बोलणंच चाखत होत्या.

"उद्या पहाटे," त्या म्हणाल्या. "सगळे."

१० एप्रिल, सोमवार

चौसष्टावा दिवस. विटा काढल्या. गावातून चार बायका आल्या, बुनीही. सॉस गाळला, विटा कुस्करल्या, वाटणाला मीठ लावलं. मी पाठ मोडेपर्यंत वाकले आणि वाकल्याबद्दल तक्रारही केली. वाटण चाखून बुनी म्हणाली, "वा." जाऊबाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलं.

मी चाखलं. वेळ घेतला.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "२००४ चं मी खाल्लेलं नाही, त्यामुळे तुलना करत नाही."

जाऊबाई हात धुवायला गेल्या. बराच वेळ धूत होत्या.

१२ एप्रिल, बुधवार

ग्वानहोचा फोन. विटा काढल्या असं ऐकलं, बातमी बुनीकडून त्याच्या सासूपर्यंत पोहोचली म्हणे. ७ मे सांगितलं होतं ना, काकू? मी म्हटलं, सुधारणा झाली. मग त्याने आवाज खाली आणला.

"काकू, खरं सांगा. दिवस कॉम्प्युटरने ठरवला की आईने? म्हणजे आईने चाखलं ना? मला फक्त एवढंच कळायला हवं. त्यावर मी खोलीचं ठरवणार आहे."

जाऊबाई समोर बसून लसूण सोलत होत्या. सोलणं थांबलं.

चौतीस वर्षांत मी कुठल्याही मुलीला खोटा गुण दिला नाही. पालकांना खोटं सांगितलं नाही. नवऱ्याच्या आजारपणात नवऱ्यालाही नाही.

"चाखूनच ठरवलं," मी म्हटलं. "एकेचाळीस रांजण, दोन दिवस, एकेक करून. तुझी आई होती म्हणून दिवस सापडला. त्या खोलीत तू कपाट ठेव."

फोन ठेवला. जाऊबाईंनी पुन्हा लसूण सोलायला घेतला. एका पाकळीचा तुकडा कापून त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"कसा आहे?"

"जुना आहे. उग्र. आजच संपवा."